रेव्हरंड थॉमस बेझ : अंदाजाला अंदाज म्हणणारे पाळक

पाळकाचे नाव गणिताच्या पुस्तकात सहसा आढळत नाही. परंतु संख्याशास्त्र शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला, मग तो कोणत्याही देशातला असो, एका इंग्रज पाळकाचे नाव लवकरच शिकावे लागते. ते नाव रेव्हरंड थॉमस बेझ. अलीकडे कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांविषयी, म्हणजे एआयविषयी, आपली तरुण मंडळी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात उभी राहून बोलत असतात. या यंत्रांनी आपले मत कसे बनवावे, ते आठवणीत कसे ठेवावे आणि नवा पुरावा आला म्हणजे कसे बदलावे, हा प्रश्न निघाला की जाणकार माणसे अडीचशे वर्षांपूर्वी वारलेल्या या पाळकापाशीच फिरून येतात. म्हणून त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

बेझ यांच्या जन्माची नोंद सापडलेली नाही. मृत्यूसमयी त्यांचे वय ५९ होते, त्यावरून जन्म १७०१ किंवा १७०२ सालचा असे धरतात. घराणे मूळचे शेफील्डचे, चाकूसुऱ्या करणाऱ्या कारागिरांचे. वडील जोशुआ बेझ हे प्रेस्बिटेरियन पाळक होते. इंग्लंडात १६६२ च्या कायद्याने, राजमान्य चर्चची उपासनापद्धती मान्य न करणाऱ्या सुमारे २,००० पाळकांना आपापल्या मंडळ्या सोडाव्या लागल्या. त्यांना व त्यांच्या अनुयायांना डिसेंटर म्हणत. पुढे बरीच वर्षे त्यांच्या दीक्षा लपूनछपून होत. १६९४ साली लंडनमध्ये सात जणांना उघडपणे दीक्षा देण्यात आली, त्या सातांत जोशुआ बेझ होते. थॉमस हे त्यांच्या सात मुलांतील थोरले.

डिसेंटर घरातल्या मुलाला ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची पदवी मिळणे शक्य नव्हते, कारण त्यासाठी राजमान्य चर्चच्या मतांवर सही करावी लागे. म्हणून १७१९ साली थॉमस स्कॉटलंडात एडिंबरोला गेले आणि तेथे तर्कशास्त्र व ईश्वरज्ञान शिकले. परत आल्यावर काही वर्षे त्यांनी लंडनला वडिलांच्या हाताखाली सेवा केली. १७३४ च्या सुमारास केंट परगण्यातील टनब्रिज वेल्स या गावी माउंट सायन नावाच्या प्रार्थनामंदिरात ते पाळक झाले. या गावी औषधी पाण्याचा झरा असल्यामुळे हवापालटासाठी दूरदूरची माणसे येत. वक्ते म्हणून बेझ यांची विशेष कीर्ती नव्हती. व्यासपीठावर न रंगणारा पाळक अभ्यासिकेत काय करीत असेल याची मंडळीला कल्पना नसते, हे आपल्याकडेही पुष्कळदा खरे असते.

त्यांच्या हयातीत त्यांची दोन लहान पुस्तके निघाली. १७३१ सालच्या पहिल्यात, देवाच्या कारभाराचा मुख्य हेतू आपल्या प्राण्यांचे सुख हाच होय असे त्यांनी प्रतिपादन केले. दुसरे १७३६ साली नाव न घालता छापले. न्यूटनच्या गणिताचा पाया डळमळीत आहे असा हल्ला बिशप बर्कली यांनी १७३४ साली चढवला होता, त्याला ते उत्तर होते. एक धर्मगुरू गणितावर तुटून पडतो आणि दुसरा गणिताच्या बाजूने उभा राहतो, हा वाद वाचण्याजोगा आहे, पण तो आजचा विषय नव्हे. १७४२ साली बेझ रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले, १७५२ साली पाळकपणातून निवृत्त झाले आणि ७ एप्रिल १७६१ रोजी टनब्रिज वेल्स येथेच प्रभूच्या ठायी निद्रिस्त झाले.

टनब्रिज वेल्सच्या लोकांत त्यांची एक आठवण मागे राहिली. पूर्वेकडील उष्ण देशांतले तीन सुशिक्षित पाहुणे एकदा त्या गावी आले आणि त्यांची बेझ यांच्याशी ओळख झाली. हिवाळ्यात पाणी गोठून दगडासारखे होते हे बेझ त्यांना समजावू लागले, पण ते त्यांना पटेना. तेव्हा बेझ यांनी बर्फ साठवण्याच्या कोठीतून एक तुकडा आणवून त्यांच्यापुढे ठेवला. जन्मभर न पाहिलेल्या गोष्टीवर त्या पाहुण्यांचा विश्वास बसला नाही यात आम्हांला नवल वाटत नाही. पुरावा समोर आल्यावर माणसाने काय करावे, हा खरा प्रश्न आहे, आणि बेझ यांनी आपल्या कागदांत नेमके त्याचेच गणित मांडून ठेवले होते.

ते कागद त्यांनी छापले नाहीत. मृत्यूनंतर नातेवाइकांनी ते रिचर्ड प्राइस यांच्याकडे पाहायला दिले. हे प्राइस मूळचे वेल्सचे, तेही डिसेंटर पाळक, आणि लंडनजवळ न्यूइंग्टन ग्रीन येथे सेवा करीत. कागदांत एक अपुरा निबंध होता. प्राइस यांनी तो नीट केला, आपली प्रस्तावना व पुरवणी जोडली आणि २३ डिसेंबर १७६३ रोजी तो रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला.

निबंधात काय होते ते रविवार शाळेच्या शिक्षकांना सहज समजेल. पिशवीत किती पांढऱ्या व किती काळ्या गोट्या आहेत हे ठाऊक असेल, तर हात घातल्यावर पांढरी येण्याचा संभव किती, हे गणित त्यापूर्वीच लोकांना करता येत होते. बेझ यांनी प्रश्न उलटा केला. पिशवीत काय आहे ते ठाऊक नाही, हाती फक्त बाहेर आलेल्या गोट्या आहेत. त्यांवरून आतल्याविषयी काय म्हणता येईल, आणि किती खात्रीने? त्यांनी गोट्यांऐवजी एक सपाट टेबल घेतले. त्यावर एक चेंडू टाकला, तो जेथे थांबला तेथून एक रेघ कल्पिली. मग दुसरा चेंडू वारंवार टाकायचा आणि तो रेघेच्या अलीकडे थांबला की पलीकडे एवढेच मोजायचे. रेघ न पाहताही, दर खेपेच्या वार्तेबरोबर ती कोठे असेल याचा अंदाज अधिकाधिक आवळत जातो. सगळे एकदम कळत नाही, पण प्रत्येक साक्षीने थोडे थोडे कळते.

याचा उपयोग कसा होतो हे आकड्यांनी पाहू. समजा एका गावात १,००० माणसे आहेत आणि त्यांपैकी १० जणांना एक आजार आहे. त्यासाठीची तपासणी आजारी १० पैकी ९ जणांना बरोबर ओळखते, पण निरोगी माणसांतही दर १० मागे एकाला चुकून आजारी ठरवते. सगळ्या गावाची तपासणी केली. आजाऱ्यांपैकी ९ सापडले, आणि निरोगी ९९० पैकी ९९ उगाच सापडले. म्हणजे १०८ जणांच्या हाती वाईट निकाल आला, त्यांत खरे आजारी ९, बारांत एक. निकाल ऐकून घाबरलेल्या माणसाला हे सांगणे म्हणजे केवढा दिलासा! पण थांबावयाचे नाही. या १०८ जणांची दुसरी, वेगळ्या पद्धतीची पण तितकीच भरवशाची तपासणी केली, तर साधारण १८ जण उरतील व त्यांत ८ खरे आजारी असतील. तिसऱ्या वेगळ्या तपासणीनंतर आठ उरतील आणि त्यांपैकी सात खरे. आधी होते ते मत, त्यावर नवा पुरावा, त्यातून सुधारलेले मत. आणि हेच सुधारलेले मत पुढल्या पुराव्यासाठी आधीचे मत. बेझ यांच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीचे सार एवढेच आहे.

यात एक अट आहे. तिन्ही तपासण्या वेगवेगळ्या हव्यात. पहिल्याच तपासणीचा कागद तीनदा वाचला तर ते तीन साक्षीदार होत नाहीत. मंडळीत एखाद्याविषयी कुजबूज तीन तोंडांनी कानी आली म्हणजे आपण ती खरी मानू लागतो. तिन्ही तोंडे एकाच घरून ऐकून आलेली असली तर साक्ष एकच आहे. दोघा किंवा तिघा साक्षीदारांवाचून गोष्ट शाबीत होऊ नये, असा नियम अनुवादाच्या पुस्तकात उगीच घातलेला नाही.

आता यंत्रांकडे येऊ. बेझ यांचे गणित पुढे फ्रान्सच्या लाप्लास यांनी १७७४ साली स्वतंत्रपणे शोधले व वाढवले. दुसऱ्या महायुद्धात ॲलन ट्युरिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मन आरमाराच्या गुप्त लिपीवर काम करताना पुराव्याचे वजन अशाच रीतीने मोजले. विद्यापीठांत मात्र कित्येक वर्षे या पद्धतीकडे संशयाने पाहत. तिची बाजू घेणाऱ्यांत केंब्रिजचे हॅरॉल्ड जेफ्रीज अग्रभागी होते, आणि कोल्हापूरला जन्मलेले व पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभारणारे प्रा. वसंत शंकर हुजूरबाजार हे त्यांचेच विद्यार्थी, ही गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक असावी. ई-मेलमधील नको असलेली पत्रे बाजूला काढणारी यंत्रणा या शतकाच्या आरंभी याच हिशेबाने घराघरांतल्या संगणकांवर आली.

परंतु आज ज्याला एआय एजंट म्हणतात, म्हणजे माणसाच्या वतीने पत्रे लिहिणारा, हिशेब पाहणारा, चौकश्या करणारा यांत्रिक मदतनीस, तो दर वेळी असे आकडे मांडून बसत नाही. तो भाषा शिकलेला आहे आणि शब्दांतच विचार करतो. एक संभाषण संपले की त्यातले काही त्याच्यापाशी आपोआप उरत नाही. म्हणून त्याला एक वही दिलेली असते. कामाच्या ओघात जे समजले ते तो वहीत टिपून ठेवतो आणि पुढच्या खेपेस त्यातील संबंधित टिपणे त्याच्यापुढे ठेवली जातात. कालच्या गोष्टींची त्याची आठवण म्हणजे ही वही.

येथेच मोठा धोका आहे, आणि तो समजायला यंत्राची माहिती लागत नाही. रविवार शाळेचे हजेरीपुस्तक पुरे. समजा एक मुलगा तीन रविवार आला नाही. शिक्षकाने शेऱ्याच्या रकान्यात लिहिले की मुलाचे मन लागत नसावे. वर्ष संपले, नवा शिक्षक आला. त्याने नवी यादी करताना जुना शेरा उतरवला, आणि उतरवताना नसावेचे नाही झाले. तिसऱ्या वर्षी नाताळच्या कार्यक्रमासाठी मुले निवडताना या मुलाचे नाव कोणी घेतले नाही. कदाचित त्या तीन रविवारी त्याची आई आजारी असेल. ते कोणी विचारले नाही, कारण विचारावे असे वहीत काही उरलेच नव्हते.

यंत्राचेही असेच होते. एखाद्याने दोन प्रश्न विचारले, त्यावरून मदतनिसाने अंदाज केला की हा मनुष्य कर्जात असावा. अंदाज वहीत गेला. पुढल्या खेपेस तो वहीतून वर आला तेव्हा कदाचित हा शब्द गळून पडलेला होता. त्यावर आधारून दुसरे टिपण झाले, त्यावर तिसरे. मग तिन्ही टिपणे एकत्र वाचून यंत्राला वाटते की तीन ठिकाणांहून एकच गोष्ट कळते आहे, तेव्हा ती पक्की. आपलाच आवाज विहिरीतून परत यावा आणि आपण त्याला शेजाऱ्याची साक्ष समजावे, तसा हा प्रकार. त्या मनुष्याने पुढे स्वतः सांगितले की कर्ज भावाचे होते, तरी एक टिपण खोडले जाते आणि त्यावर रचलेली दोन तशीच उभी राहतात. घर पाडले तरी वरची माडी अधांतरी राहावी असे. ही अडचण अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखली होती. अमेरिकेतील जॉन डॉयल यांनी १९७९ साली अशी रीत प्रसिद्ध केली की यंत्राने प्रत्येक मताबरोबर त्याचे कारणही नोंदवावे, म्हणजे कारण खोटे ठरताच त्यावर टेकलेली सगळी मते शोधून मागे घेता येतील. आजच्या बोलक्या मदतनिसांनाही हीच शिस्त हवी: काय वाटले, कशावरून वाटले, किती खात्रीने वाटले आणि केव्हा वाटले. यांतले एकही गळले की वही दगा देते.

बेझ यांच्या अंगी ही शिस्त किती मुरलेली होती, याची दोन उदाहरणे आम्हांला त्यांच्या निबंधाइतकीच मोलाची वाटतात. निबंधाची मांडणी करताना, आधी काहीच ठाऊक नसेल तर सर्व शक्यता सारख्याच मानाव्यात, असे त्यांनी गृहीत धरले होते. नंतर त्यांच्या मनात आले की हे सर्वांना वाजवी वाटेलच असे नाही. म्हणून त्यांनी निबंध दुसऱ्या रीतीने रचला, सिद्ध होणारा भाग वेगळा ठेवला आणि आपले गृहीत कारणांसह वेगळ्या टीपेत लिहिले. हे प्राइस यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. आपले मत आणि आपली सिद्धता यांच्यामध्ये स्वतःच कुंपण घालणारे लेखक थोडे असतात. धर्मोपदेश करणाऱ्यांत तर फारच थोडे, आणि आम्ही त्यांतलेच.

दुसरे उदाहरण त्यांच्या मृत्युपत्रातले, १७६० च्या डिसेंबरातले. त्यात प्राइस यांच्या वाट्याला १०० पौंड येतील अशी तजवीज होती. प्राइस यांचा उल्लेख करताना, ते सध्या न्यूइंग्टन ग्रीन येथे उपदेशक असावेत असे मला वाटते, अशा अर्थाचे शब्द बेझ यांनी घातले. मृत्युपत्रासारख्या कागदातसुद्धा, जुन्या माहितीला त्यांनी आजची खात्री म्हणून पुढे केले नाही. प्राइस तेव्हा तेथेच होते.

कोणी विचारील की पाळकाने असे संभवाचे हिशेब करावेत, तर विश्वासाचे काय? हा प्रश्न त्याच काळी उघड विचारला गेला. डेव्हिड ह्यूम या तत्त्ववेत्त्याने १७४८ साली लिहिले की सर्व मानवी अनुभव ज्याच्या विरुद्ध आहे अशा चमत्काराची साक्ष कितीही चांगली असली तरी पुरी पडणार नाही. पुढे त्याने हिंदुस्थानातील एका राजाचेही उदाहरण घेतले. त्या राजाने गोठलेल्या पाण्याच्या गोष्टीवर विश्वास ठेवायचे नाकारले, आणि ह्यूमच्या मते आपल्या अनुभवापुरते त्याने योग्यच केले. टनब्रिज वेल्सच्या पाहुण्यांची येथे आठवण होते. प्राइस यांनी १७६७ साली ह्यूमला उत्तर दिले आणि त्यात बेझ यांच्या निबंधाचा आधार घेतला. एखादी गोष्ट लाख वेळा एका प्रकारे घडली म्हणून ती दुसऱ्या प्रकारे घडणे अशक्य ठरत नाही. तिचा संभव लहान होतो, शून्य होत नाही. आणि शून्य नसेल तर चांगली साक्ष तिला वर उचलू शकते, असे त्यांचे म्हणणे. या उत्तरानंतर दोघांमध्ये वैर आले नाही. ह्यूमने सौजन्याचे पत्र पाठवले. पुनरुत्थानाचा पुरावा आकड्यांनी सिद्ध होतो असे आम्ही म्हणत नाही, आणि प्राइस यांच्या उत्तराने वाद मिटला असेही नाही. परंतु थोमाच्या मनाचे दार बंद नव्हते, एवढे योहानाच्या शुभवर्तमानावरून स्पष्ट दिसते.

शून्याचा हा मुद्दा मोठा आहे. ज्या गोष्टीचा संभव आपण आधीच शून्य मानला, तिच्यासाठी जगातला कोणताही पुरावा पुरत नाही. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. संख्याशास्त्रज्ञ डेनिस लिंडली यांनी यावरून केलेल्या नियमाला ऑलिव्हर क्रॉमवेलचे नाव दिले. १६५० च्या ऑगस्टमध्ये क्रॉमवेलने स्कॉटलंडच्या मंडळीच्या महासभेला, आपली चूक असू शकेल एवढे तरी मनात आणा, अशी कळकळीने विनवणी केली होती. (हीच विनवणी त्याने वर्षभरापूर्वी आयर्लंडात स्वतःला केली असती तर पुष्कळ रक्त वाचले असते.) बिरुयातील लोकांना पवित्र शास्त्र थोर म्हणते, कारण पौलाचे वचन त्यांनी उत्सुकतेने ऐकलेही आणि ते खरे की काय हे पाहण्यासाठी रोज शास्त्रात शोधलेही. देवाच्या वचनाविषयी त्यांनी एवढे केले, तर शेजाऱ्याविषयीच्या आपल्या मताला आपण कधीच पुन्हा तपासू नये, याला काय म्हणावे?

बेझ यांचे म्हणून एक चित्र पुस्तकांत व संगणकाच्या पडद्यावर सर्वत्र दिसते: काळा झगा, पांढऱ्या पट्ट्या, काहीसा भारदस्त चेहरा. ते १९३६ सालच्या एका पुस्तकातून आले. केस व पोशाख यांवरून ते बेझ यांचे बहुधा नसावे असे जाणकारांचे मत आहे. पण चित्र एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेले आणि खालची शंका मात्र उतरली नाही. अंदाजाला अंदाज म्हणणाऱ्या या माणसाच्याच नावावर हे व्हावे! आता यंत्रेही ही पुस्तके व पाने वाचूनच शिकतात. आपल्या मासिकात आम्ही ते चित्र छापू नये अशी संपादकांना विनंती केली आहे.

थॉमस बेझ यांना लंडनच्या बनहिल फील्ड्स या डिसेंटरांच्या दफनभूमीत कुटुंबाच्या कबरीत पुरले आहे. त्याच भूमीत जॉन बनयन, आयझॅक वॉट्स आणि वेस्ली बंधूंच्या मातोश्री सुझाना विश्रांती घेत आहेत. १७९१ साली रिचर्ड प्राइस यांनाही तेथेच पुरण्यात आले. बेझ घराण्याची कबर पुढे जीर्ण झाली. १९६९ साली तिची दुरुस्ती झाली. त्यासाठी लागलेली वर्गणी जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांनी दिली, आणि तसे तेथे दगडावर कोरलेले आहे.